शिट्टी कशाची, टाळी कोणासाठी : जर्मन जावयासोबत जामठ्याला

नोव्हेंबर २०२४ मध्ये माझी लेक आणि जर्मन जावई डॉर्टमुंडहून नागपूरला राहायला आले. जावयांना नागपूरच्या मिहान या औद्योगिक भागातल्या एका कंपनीत दोन वर्षांचे काम मिळाले होते आणि भाड्याचे घर लागेपर्यंत पहिले तीन आठवडे ते दोघे जयप्रकाश नगरला माझ्याकडेच होते. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी लेकीकरवी मला विचारले की, शनिवारी इथली माणसे कोणता सामना बघायला जातात. माझ्याजवळ उत्तर नव्हते. बँकेतल्या नोकरीच्या काळात आणि निवृत्तीनंतरही मी एकदाही स्टेडियमची पायरी चढले नव्हते. सामने पाहिले ते घरच्या टीव्हीवर, तेही हातातली कामे करता करता. परदेशातून आलेल्या माणसाला इथल्या मैदानात काय नवे वाटेल, काय खटकेल आणि त्याला सोबत नेणाऱ्याने कोणती तयारी ठेवावी, हे आम्हाला सांगणारे कोणीच भेटले नाही. म्हणून पुढच्या चार महिन्यांत जे घडले ते क्रमाने लिहून ठेवते आहे.

सुरुवात कागदपत्रांपासूनच करायला हवी, कारण पुढे मैदानाच्या दारावरही तीच उपयोगी पडली. परदेशी नागरिक आपल्या घरी उतरला की चोवीस तासांच्या आत घरमालकाने त्याची माहिती तेव्हा 'सी फॉर्म' भरून ऑनलाइन द्यायची असे, मग तो पाहुणा जावई का असेना. त्यासाठी आधी घरमालकाच्या नावाने खाते उघडावे लागते आणि त्या खात्याला मंजुरी मिळावी लागते, ज्यात आमचे दोन दिवस गेले. सुदैवाने लेकीने सांगितल्यामुळे ते काम मी त्यांचे विमान उतरण्याच्या आठवडाभर आधीच करून ठेवले होते. यानंतरचा टप्पा जावयांचा स्वतःचा. एकशे ऐंशी दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या माणसाला आल्यापासून चौदा दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे ऑनलाइन नोंदणी करावी लागते. पासपोर्ट, व्हिसा, नेमणुकीचा करार, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि फोटो हे सगळे ठरलेल्या आकारात चढवताना दोन संध्याकाळी गेल्या. प्रमाणपत्र ईमेलवर आले तेव्हा त्याच्या तीन छापील प्रती काढून मी एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातल्या. आधार कार्ड नसलेल्या माणसाची ओळख पटवायला पासपोर्टची झेरॉक्स आणि हे प्रमाणपत्र एवढे पुरते, हे मला आता अनुभवाने ठाऊक आहे.

जावई ज्या गावचे, तिथे शनिवार म्हणजे फुटबॉल. त्यांच्या क्लबच्या स्टेडियममध्ये ऐंशी हजारांहून जास्त माणसे मावतात आणि दक्षिणेकडच्या एकाच स्टँडमध्ये सुमारे पंचवीस हजार माणसे पूर्ण सामना उभी राहून पाहतात. पिवळ्या कपड्यांमुळे त्या स्टँडला 'पिवळी भिंत' असेच म्हणतात. सात वर्षांचे असल्यापासून ते वडिलांचे बोट धरून तिथे जात आले. सामन्याच्या तिकिटावरच लोकल गाडीचा प्रवास होतो, आत बिअर मिळते, ग्लास परत केला की त्याची अनामत परत मिळते, आणि बाहेरगावच्या संघाचे समर्थक वेगळ्या स्टँडमध्ये, वेगळ्या दाराने जातात. आपल्या शेजारी उभा असलेला माणूस आपल्याच क्लबचा असणार हे तिथे गृहीतच असते. हे सगळे त्यांनी मला जेवणाच्या टेबलावर मीठदाणी आणि वाट्या मांडून समजावले, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की मी त्यांना नुसते तिकीट काढून देऊन भागणार नव्हते.

डिसेंबरमध्ये आम्ही एकदा कामठीला गेलो. तिथे फुटबॉलचे वेड जुने आहे, पण सामना कधी हे कुठे नीट छापलेले सापडेना. शेवटी मैदानाजवळच्या चहाच्या टपरीवर विचारून वेळ कळली. तिकीट नव्हते, खुर्च्या नव्हत्या, रेषेला लागून दोन-तीनशे माणसे उभी होती. जावयांना ते मनापासून आवडले, कारण उभे राहून सामना बघणे त्यांना घरचे वाटले. परंतु ऑफिसमधला प्रत्येक जण त्यांना एकच विचारत होता, ते म्हणजे सहा फेब्रुवारीला जामठ्याच्या क्रिकेट मैदानावर येणार की नाही.

६ फेब्रुवारी २०२५ ला भारत आणि इंग्लंड यांच्यातला एकदिवसीय सामना नागपूरला होता. तिकिटे ऑनलाइन निघणार असल्यामुळे जावयांनी आदल्या रात्रीच आपल्या मोबाइलवर सगळी माहिती भरून ठेवली, पण ऐन वेळी त्यांचे जर्मन बँकेचे कार्ड स्वीकारले गेले नाही आणि तोपर्यंत त्यांचे इथले खाते सुरू झालेले नव्हते. शेवटी माझ्या फोनवरून, माझ्या ओटीपीने आणि माझ्या यूपीआयने तीन तिकिटे निघाली. तिघांचे मिळून सहा हजार रुपये झाले. त्यानंतर छापील तिकिटे खिडकीवरून घ्यायची होती. मी सकाळी आठला रांगेत लागले आणि साडेदहाला तिकिटे हातात पडली. रांगेत माझ्यापुढे वर्ध्याहून पहाटे निघून आलेली दोन मुले होती, त्यांनी मला मधूनमधून कठड्यावर बसायला लावून माझी जागा धरली. ज्याच्या नावाने खरेदी झाली त्याचे मूळ ओळखपत्र आणि झेरॉक्स दोन्ही न्यावीत. माझ्या मागच्या गृहस्थांना झेरॉक्ससाठी रांग सोडून जावे लागले.

सामना दुपारी दीडचा होता. आम्ही साडेदहालाच मेट्रोने खापरीला उतरलो आणि पुढे वाटणीच्या रिक्षाने माणशी पन्नास रुपये देऊन वर्धा रोडने जामठ्याजवळ पोहोचलो. शेवटचा पल्ला पायीच होता. रस्त्याच्या दोन्ही कडांना निळ्या जर्सी टांगलेल्या, आणि त्यांतल्या निम्म्यांहून जास्त जर्सींवर अठरा नंबर. जावयांनी ओळखीसाठी विचारले की हा क्लबचा जुना नंबर आहे का. लेकीने सांगितले, तो विराट कोहलीचा नंबर. त्यांनी दोनशे रुपयांना तीच घेतली.

दाराच्या अलीकडेच कळले की पॉवर बँक, नाणी, पाण्याची बाटली आणि कंगवा आत नेता येणार नाही. तपासणीला बायकांची रांग वेगळी होती आणि ती पुरुषांच्या रांगेपेक्षा बरीच लवकर सरकली, पण माझ्या पर्समधली चिल्लर मात्र आत जाऊ देईनात. गाडी नसलेल्या माणसाने हे सामान ठेवायचे कुठे? जर्सीवाल्यानेच वाट दाखवली. त्याच्या गाड्याखाली एक खोके होते. त्याने जावयांची पॉवर बँक आणि माझा चिल्लरचा बटवा एका पिशवीत घालून तिला गाठ मारली, वहीच्या कागदाची पट्टी फाडून त्यावर पेनाने 'जर्मनी' असे लिहिले, पट्टी गाठीत खोचली आणि म्हणाला, "काकू, वीस रुपये. रात्री मी इथंच आहो." जावई सामन्यात दोनदा तरी त्या पिशवीची आठवण काढून अस्वस्थ झाले, कारण पावतीशिवाय कुठे काही ठेवायची त्यांना सवय नाही.

आत आमच्या खुर्च्यांवर एक कुटुंब आधीच बसलेले होते. तिकिटावरचा क्रमांक दाखवल्यावर त्यांनी वाद घातला नाही, पण उठलेही नाहीत. थोडे सरकले, त्यांच्या मुलाला मांडीवर घेतले आणि पाच खुर्च्यांत सात माणसे बसवली. डॉर्टमुंडला उभ्या स्टँडमध्ये खुर्चीच नसते, पण जिथे ती असते तिथे तिचा क्रमांक म्हणजे शेवटचा शब्द. मी मधे पडू का, असे लेकीने डोळ्यांनीच विचारले. जावईच म्हणाले, राहू द्या. त्या घरातल्या बाईंनी पुढे दिवसभर आम्हाला मिळेल ते समोसे आणि पाण्याचे ग्लास आमच्यापर्यंत पोहोचवले.

नाणेफेकीच्या वेळी कळले की गुडघ्याच्या दुखापतीमुळे विराट खेळणार नाही. सगळ्या स्टँडमधून एक दीर्घ हुंकार गेला आणि काही माणसे खरोखर डोके धरून बसली. जावयांना ते फार लागले. ते म्हणाले की आमच्याकडे एक खेळाडू नसला म्हणून सामन्याचा दिवस असा काळवंडत नाही, जर्सी क्लबची असते. मला वाटते, त्या दिवशी आलेल्या निम्म्या माणसांसाठी ती एकाच माणसाची भेट होती, आणि ज्यांना वर्षातून एखादाच दिवस ती संधी मिळते त्यांचे दुःख खरे होते.

इंग्लंडची फलंदाजी आधी होती. फिल सॉल्टने हर्षित राणाच्या एका षटकात सव्वीस धावा काढल्या तेव्हा मैदान शांत झाले, आणि त्या शांततेत जावई टाळ्या वाजवत होते. क्रिकेट हा सभ्य खेळ आहे, त्यात चांगल्या फटक्याला दाद द्यायची असते, असे त्यांनी कुठेतरी वाचले होते. आमच्या पुढच्या रांगेतली चार-पाच डोकी मागे वळली. एक दहा-बारा वर्षांचा मुलगा अगदी आर्जवाने म्हणाला, "काका, आपली बॅटिंग येऊ द्या न, मग वाजवा." जावयांनी हात मांडीवर ठेवले ते श्रेयस अय्यरच्या फेकीवर सॉल्ट धावबाद होईपर्यंत. तेव्हा त्याच मुलाने वळून त्यांच्या हातावर टाळी दिली.

याहून मोठा घोटाळा शिट्ट्यांचा झाला. भारताचे दोन गडी १९ धावांत गेले, रोहित शर्मा याच शहरात जन्मलेला आणि तो फक्त दोन धावा करून परतला, त्यानंतर अय्यरने ३६ चेंडूंत ५९ धावा काढल्या. प्रत्येक चौकाराला शिट्ट्यांचा पाऊस पडत होता आणि जावयांचा चेहरा उतरत चालला होता. त्यांनी लेकीला विचारले की लोक याच्यावर एवढे चिडले का आहेत. जर्मनीत मैदानावरची शिट्टी ही नापसंतीची, बहुतेक वेळा संतापाची असते. मारिओ ग्योत्झे हा फुटबॉलपटू २०१३ मध्ये डॉर्टमुंड सोडून म्युनिकच्या संघात गेला आणि त्याच वर्षी तिकडच्या जर्सीत परत खेळायला आला, तेव्हा शिट्ट्या मारणाऱ्यांत आमचे जावईही होते. आनंदाची शिट्टी ही कल्पनाच त्यांना नवी होती. परदेशी पाहुण्याला नेणार असाल तर ही एक गोष्ट घरूनच सांगून न्या, कारण गोंगाटात ती समजावता येत नाही, आणि तोपर्यंत तो बिचारा समोरच्या आनंदाला राग समजून बसतो.

फोटो मागणारे फार आले. पहिल्या दहा जणांसोबत जावई हौसेने उभे राहिले, त्यानंतर त्यांचा सामना सुटू लागला. लेकीने त्यांना हात जोडून "ओव्हर झाल्यावर" एवढे दोन शब्द म्हणायला शिकवले. ते ऐकून माणसे हसत आणि खरोखर षटक संपेपर्यंत थांबत. बायकांच्या स्वच्छतागृहासमोर डावांच्या मधल्या सुटीत लांब रांग लागते, म्हणून मी चालू खेळातच जाऊन आले. माझ्या वयाच्या बायकांनी तसेच करावे.

भारताने ६ गडी गमावून ३८.४ षटकांत सामना जिंकला. रात्री बाहेर पडल्यावर रिक्षा मिळेना. आम्ही वर्धा रोडने पाऊण तास चाललो तेव्हा एक मिळाली. त्याआधी जर्सीवाल्याकडे गेलो. तो गाडा आवरत होता. खोक्यात 'जर्मनी' पट्टीची पिशवी तशीच होती. जावयांनी त्याला शंभराची नोट देऊ केली, त्याने ऐंशी परत केले.

घरी आल्यावर मला वाटले, झाले, हौस फिटली. पण जावयांचे समाधान झाले नव्हते. ते म्हणाले, "आई, हे भारताचं झालं. नागपूरचा संघ कुठे आहे?" त्याच महिन्यात नागपूरचा घरचा संघ विदर्भ देशांतर्गत रणजी करंडकाच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि केरळविरुद्धचा तो सामना २६ फेब्रुवारीपासून जामठ्यालाच होणार होता. तिकीट काढावे लागले नाही. पहिल्या दिवशी महाशिवरात्र होती, सुटी होती आणि मला उपास होता. मी स्टीलच्या डब्यात साबुदाण्याची उसळ घेतली, जावयांसाठी दोन पराठे घेतले, आणि दारावर अडवतील म्हणून मन घट्ट केले. पोलीस ताईंनी झाकण उघडायला लावले, वास घेतला, "दाण्याचा कूट छान पडला जी," म्हणाल्या आणि सोडले.

पंचेचाळीस हजारांच्या त्या मैदानात थोडी माणसे सावलीच्या बाजूला विखरून बसली होती. बॅटवर चेंडू लागल्याचा आवाज वर ऐकू येत होता. विदर्भाचे तीन गडी चोवीस धावांत गेले, मग दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी दुपार खेळून काढली. आमच्या शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ शाळकरी मुलांची चौकटीची वही घेऊन बसले होते. प्रत्येक चेंडूला एक चौकट. निळ्या पेनाने धाव, हिरव्या पेनाने चौकार, आणि गडी बाद झाला की पट्टी लावून लाल रेघ. दोन षटकांच्या मधे ते पेन कानावर ठेवत. जावयांनी वहीत डोकावून पाहिले, तेव्हा त्यांनी ती न बोलता दोघांच्या मधे सरकवली. त्या वहीवरून जावई क्रिकेट शिकले, माझ्या शिकवण्यावरून नव्हे. मीही त्याच वहीवरून समजले की पाच दिवसांचा सामना अनिर्णित राहिला तरी पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ करंडक नेतो. अनिर्णित राहिलेल्या सामन्यातही एक जण जिंकतो हे जावयांना पटायला मात्र दुसरा दिवस लागला.

शुक्रवारी, २८ तारखेला, त्यांनी रजा काढली. त्या सकाळी केरळकडून आदित्य सरवटे खेळत होता. तो नागपूरचा, २०१८-१९ चा अंतिम सामना याच मैदानावर झाला तेव्हा अकरा बळी घेऊन त्यानेच विदर्भाला करंडक जिंकून दिला होता, आणि या मोसमात तो केरळच्या संघात गेला होता. हे मी जावयांना सांगितले तेव्हा ते लगेच म्हणाले, म्हणजे ग्योत्झे. मी गप्प राहिले, कारण माणसे कशी वागतील हे मलाही माहीत नव्हते. सरवटे ७९ धावा काढून बाद झाला. विदर्भाला हवा असलेला बळी मिळाला होता, त्यामुळे आधी आरडाओरडा झाला. मग तो पॅव्हेलियनकडे चालू लागला तशी वहीवाले काका उठून उभे राहिले, त्यांनी पेन कानावर ठेवले आणि टाळ्या वाजवू लागले. त्यांच्यामागे आमची सगळी रांग उठली. जावयांचे हात अर्धे वर येऊन थांबले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "आई, आता चालतं?"

मी म्हटले, "चालतं. आपलाच पोरगा आहे."

त्या दुपारी केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८ वर बाद झाला आणि केरळचा डाव ३४२ वर संपला. विदर्भाला सदतीस धावांची आघाडी मिळाली. हर्ष दुबेचे मोसमातले बळी एकोणसत्तर झाले, जो रणजीच्या एका मोसमातला विक्रम आहे. ही संख्या काकांनी वहीच्या समासात दोनदा लिहिली आणि भोवती चौकट काढली.

शेवटच्या दिवशी, रविवारी २ मार्चला, गर्दी जास्त होती. दर्शन नळकांडेचे अर्धशतक झाले, सामना अनिर्णित ठेवून दोन्ही संघांनी हात मिळवले आणि पहिल्या डावातल्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. दुबईत त्याच दुपारी भारताचा न्यूझीलंडशी सामना सुरू होणार होता, म्हणून बरीच तरुण मुले फोन काढून बसली होती, काही निघूनही गेली. जावई मात्र करंडक वर उचलला जाईपर्यंत उभेच होते. उभे राहून पाहायची सवय त्यांना इथे पहिल्यांदा उपयोगी पडली. शिट्ट्या सुरू झाल्या तेव्हा त्यांनी दोन बोटे तोंडात घालून जी शिट्टी मारली ती ऐकून काका वहीतून वर पाहून हसले.

या तीन दिवसांचा आमचा एकूण खर्च मेट्रो, रिक्षा आणि चहा धरून हजार रुपयांच्या आत राहिला. परदेशातून नागपूरला आलेल्या कुटुंबांना मी आता कळकळीने सांगते की मोठ्या सामन्याची घाई करू नका. पहिली भेट रणजीची असू द्या. तिथे प्रश्न विचारायला शेजारी मिळतो, डबा उघडून बसता येते, टाळी कधी वाजवायची हे पाहून पाहून कळते, आणि मग आंतरराष्ट्रीय सामन्याच्या गर्दीत माणूस इतका एकटा पडत नाही. आम्ही उलट्या क्रमाने गेलो, त्याचा त्रास जावयांनी एकट्याने सोसला.

पुढच्या नोव्हेंबरात त्यांचे आईवडील नागपूरला यायचे म्हणत आहेत. त्यांचा सी फॉर्म मीच भरणार आहे, खाते आता तयारच आहे. जावयांनी चौकटीची एक वही आणि तीन रंगांची पेने आणून माझ्या फोल्डरशेजारी ठेवली आहेत, आणि विदर्भाचे वेळापत्रक जाहीर झाले का, हे ते दर रविवारी जेवायला आले की मला विचारतात.